मंगळावरचे ‘दार’ आणि खडकावरचे ठिपके : नासाच्या कच्च्या छायाचित्रसंग्रहाचे परीक्षण

मंगळावर दरवाजा सापडला, खडकावर बसलेली बाई दिसली, दगडी फूल उमलले, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात आणि त्यांच्यासोबत दिलेले छायाचित्र बहुधा अस्सल असते; त्यावर काढलेले लाल वर्तुळ आणि खालचा मथळा मात्र कोणीतरी मागाहून जोडलेला असतो. ही छायाचित्रे जिथून उचलली जातात, तो नासाचा कच्च्या छायाचित्रांचा संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतो. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेले क्युरिऑसिटी आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेले पर्सिव्हिअरन्स, या दोन रोव्हरांनी, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या यंत्रयानांनी, पाठवलेली चित्रे फारशी निवड किंवा सजावट न करता येथे ठेवली जातात. परग्रहावरील जीवसृष्टीविषयीचे दावे पारखायला सर्वसामान्य वाचकाला हा संग्रह कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

या सोयीचे मोल कळण्यासाठी ती नव्हती तेव्हाचा काळ आठवावा लागतो. व्हायकिंग १ या यानाने २५ जुलै १९७६ रोजी मंगळाच्या सायडोनिया भागातील एका टेकडीचे छायाचित्र घेतले आणि त्यात मानवी चेहरा दिसला. सूर्य क्षितिजाजवळ होता, सावल्या लांब पडल्या होत्या, आणि नाकपुडीसारखा दिसणारा काळा ठिपका म्हणजे प्रक्षेपणात गळालेली माहिती होती. हा छायाप्रकाशाचा खेळ आहे असे नासाने तेव्हाच सांगितले होते, परंतु सांगणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने १९९८ मध्ये आणि नंतर २००१ मध्ये त्याच टेकडीची कितीतरी स्पष्ट चित्रे घेतली आणि चेहऱ्याच्या जागी वाऱ्याने झिजलेला साधा पठारी डोंगर उरला. तोपर्यंत जवळपास पाव शतक उलटले होते आणि त्या ‘चेहऱ्या’वर बरीच कल्पनारम्य इमारत उभी राहिली होती.

आता ‘दारा’चे पाहा. क्युरिऑसिटीने ७ मे २०२२ रोजी गेल विवरातील शार्प पर्वताच्या उतारावर टिपलेल्या एका चित्रात कड्याच्या पोटात कोरून काढल्यासारखी चौकट दिसते: वरची कड सरळ, आतल्या भिंती तासल्यासारख्या, तळाशी अंधार. एकटे चित्र पाहिले तर थडग्याचे प्रवेशद्वार वाटावे इतके ते नेटके आहे. संग्रहात मात्र त्याच दिवशी त्याच कॅमेऱ्याने घेतलेली आजूबाजूची चित्रेही आहेत, आणि ती ओळीने उघडली की त्याच थरांतून आडव्यातिडव्या जाणाऱ्या सरळ भेगा दिसू लागतात. जिथे दोन-तीन भेगा एकमेकींना छेदतात तिथला तुकडा निखळून पडतो आणि मागे कोनाडा राहतो. हा कोनाडा सुमारे ३० सेंटिमीटर उंच आहे. राईचा पर्वत म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

या संग्रहाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे हे शेजारचे चित्र. प्रत्येक चित्रासोबत कॅमेऱ्याचे नाव, वेळ आणि सोल, म्हणजे मोहिमेतील मंगळदिवसाचा क्रमांक, नोंदवलेला असतो. कॅमेरा आणि सोल निवडून हवी ती चित्रे वेगळी काढता येतात. उजव्या आणि डाव्या कॅमेऱ्यांची चित्रे स्वतंत्र ठेवलेली असल्यामुळे आणखी एक कसोटी हाती येते. एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या उजव्या नॅव्हकॅमच्या, म्हणजे वाट शोधण्याच्या कॅमेऱ्याच्या, चित्रात क्षितिजाजवळ प्रकाशाचा उभा झोत दिसला आणि चर्चेला उधाण आले. जवळजवळ त्याच क्षणी घेतलेल्या डाव्या कॅमेऱ्याच्या चित्रात त्याचा मागमूस नव्हता; क्षितिजावर खरोखर झोत असता तर तो दोन्हींत दिसायला हवा होता. ‘जेली डोनट’ म्हणून गाजलेल्या दगडाची कथा ऑपॉर्च्युनिटी या आधीच्या रोव्हरची आहे. जानेवारी २०१४ मध्ये आधी मोकळ्या असलेल्या जागी जेमतेम चार सेंटिमीटरचा दगड अचानक अवतरला होता. तो रोव्हरच्याच चाकाखाली फुटून घरंगळला होता, हे आधीच्या आणि नंतरच्या चित्रांवरून पुढच्या महिन्यात स्पष्ट झाले.

उणिवा आहेत, आणि त्यांतली एक गंभीर आहे. कच्च्या चित्रावर मोजपट्टी नसते. मंगळावर झाड नाही, माणूस नाही, डोळ्याला आकाराचा अंदाज देईल असे काहीच नाही. त्यामुळे नखाएवढा स्फटिक आणि घराएवढी शिळा शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या माहली या अगदी जवळून चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली प्रवाळासारखी फांद्याफांद्यांची आकृती पूर्ण पडद्यावर भव्य दिसते, पण ती सेंटिमीटरभराची आहे: पाण्यातून खनिजे खडकाच्या फटींत साचली आणि भोवतालचा मऊ खडक वाऱ्याने खरवडून नेला. मोजपट्टी आणि दोन ओळींचे स्पष्टीकरण हवे असेल तर निवडक चित्रांच्या वेगळ्या दालनात जावे लागते. याशिवाय लघुचित्रे मूळ चित्रांत मिसळलेली असतात, आणि काही चित्रे रंगप्रक्रिया न झाल्यामुळे करडी व बारीक चौकड्यांची दिसतात. नवख्याला त्या चौकड्याही कोणाची तरी कारागिरी वाटू शकतात.

संग्रहाची खरी परीक्षा तिथे होते, जिथे खडकाने शास्त्रज्ञांनाही चक्रावून टाकले आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्सला नेरेत्वा व्हॅलिस या प्राचीन नदीखोऱ्यात चेयावा फॉल्स नावाचा, सुमारे एक मीटर लांब खडक आढळला. रोव्हरच्या वॉटसन या कॅमेऱ्याने जवळून घेतलेल्या चित्रात तांबूस पृष्ठावर पांढऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या शिरा धावतात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात मिलिमीटरभराचे फिकट ठिपके दिसतात, प्रत्येकाला गडद कड. या कडांत लोह आणि फॉस्फेट असल्याचे उपकरणांनी दाखवले, खडकात सेंद्रिय संयुगेही आढळली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात या ठिपक्यांना संभाव्य जैवखूण, म्हणजे पूर्वीच्या जीवसृष्टीची असू शकेल अशी खूण, म्हटले गेले. पृथ्वीवर अशी खनिजे सूक्ष्मजीवांच्या चयापचयातून तयार होतात. ती जीवाशिवायही तयार होऊ शकतात, म्हणून ‘संभाव्य’ हा शब्द तिथे ठाण मांडून बसला आहे. आता गंमत अशी की हे चित्र पाहून कोणाला चेहरा दिसत नाही, दार दिसत नाही. परग्रहावरील जीवनाचा आजवरचा कदाचित सर्वांत गंभीर पुरावा नुसत्या डोळ्यांना बुरशी धरलेल्या दगडासारखा दिसतो, आणि त्याच संग्रहातले बिनमहत्त्वाचे कोनाडे जगभर फिरतात.

म्हणूनच या संग्रहाकडून काय मागायचे, हे ठरवून त्यात शिरावे. एखादा दावा खोडून काढायला तो उत्तम आहे, सिद्ध करायला जवळपास निरुपयोगी. मार्च २०२५ मध्ये पर्सिव्हिअरन्सला आढळलेल्या सेंट पॉल्स बे या खडकावरचे शेकडो करडे गोलक पाहताना कोळ्याची अंडी आठवतील, पण ते गोलक भूजलातून साचले, ज्वालामुखीतून उडाले की उल्कापातात वितळून थिजले, हे त्या चित्रावरून कोणीच ठरवू शकत नाही. त्यासाठी रासायनिक मोजमाप आणि खडक मुळात कुठल्या थरातून आला याची माहिती लागते. ज्यांना रंग, अंतर आणि आकार मोजण्यात रस आहे, त्यांनी ही कच्ची चित्रे केवळ जागा शोधण्यासाठी वापरावीत आणि नंतर नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या शास्त्रीय माहितीच्या संग्रहात त्याच सोलची प्रमाणित चित्रे उघडावीत. ती काही महिन्यांनी उपलब्ध होतात आणि किचकट असली, तरी मोजमापाला तीच चालतात.