दोन मीटरचं कॉम्पोझिट जेट: चार महिने जोडणी, सात महिने उड्डाण

रिमोटवर उडणाऱ्या या मॉडेल जेटची पेटी कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावली नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवली. शेजारच्या काकांनी विचारलं, "नवा फ्रिज का?" आई म्हणाली, "फ्रिजच्या किमतीत भागलं असतं तर पेढे वाटले असते."

पेटीवर नव्वद टक्के तयार असं लिहिलं होतं. उरलेल्या दहा टक्क्यांना ऑगस्ट ते नोव्हेंबर गेले.

मॉडेलचं कवच सुरेख आहे. ग्लासफायबर कापडाच्या दोन थरांत फोम, जोर येतो तिथे कार्बन फायबर. पंख बसवले तर सांध्यात नख शिरत नाही. रंगाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती न दिसणाऱ्या जागांची. चाकं आत-बाहेर करणाऱ्या रिट्रॅक्टची प्लायवूडची पट्टी कारखान्यातून चिकटवूनच आली होती. नखाने ठोकली तर पोकळ आवाज! गोंदाचा नुसता ओघळ होता. इपॉक्सी या दोन भागांच्या गोंदात कापसाचा भुगा कालवून कडा भरल्या, कार्बनचे धागे ओढले. तेव्हा आळस केला असता तर आमच्या मुरमाच्या धावपट्टीने पहिल्याच लँडिंगला चाकं काढून घेतली असती.

मग माझी चूक. पंख-शेपटीच्या हलत्या फळ्यांना मोटरचा दांडा जिथे जोडतात तो खुंट म्हणजे हॉर्न. त्याची पट्टी काचेसारखी गुळगुळीत असते. ती 80 नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून, स्पिरिटने पुसल्याशिवाय इपॉक्सी तिला धरत नाही, नुसती बिलगून बसते. पाच हॉर्न नीट घासले. सहावा, उजव्या एलिव्हेटरचा (शेपटीची नाक वर-खाली करणारी फळी), रात्री एक वाजता तसाच चिकटवला. चौदाव्या उड्डाणाआधी हाताने हलवून पाहताना बारीक 'टक्' झालं. विमान न उडवता घरी आणलं. हॉर्न पकडीने ओढला तर दातासारखा सुटून आला, अंगाला गोंदाचा कणही नाही.

दुसरा धडा इंधनाचा. फेब्रुवारीत टर्बाईन, म्हणजे आतलं छोटं जेट इंजिन, हवेतच बंद पडली. उंची होती म्हणून उतरवता आलं. टाकी, पाइप सगळं बाहेरून कोरडं, गळती कुठेच नाही. दोन रविवार डोकं खाजवलं. पंपाच्या अलीकडचा सांधा ढिला होता, आणि तिथे पंप ओढतो, त्यामुळे इंधन बाहेर येत नाही, हवा आत जाते. बुडबुडा टर्बाईनपर्यंत पोचला की खेळ खलास. आता प्रत्येक सांध्याला बारीक तार गुंडाळली आहे. टाकी मात्र आधी बसवू नका. मी बसवली, आणि त्या सांध्यापर्यंत माझा हातच पोचेना. शेवटी पुतणीचा पोचला.

चार लिटरला सात-आठ मिनिटं मिळतात. पुणे साडेपाचशे मीटरवर, त्यात मे महिन्याची गरम विरळ हवा, त्यामुळे थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, कमी पडतो. जानेवारीत जिथे चाकं जमिनीवरून उचलायची तिथून आणखी बरंच धावावं लागतं. लोहगाव विमानतळामुळे शहराजवळ उडवायचा प्रश्नच नाही. हवाई नकाशावरचा हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, पट्टा बघून दीड तास गाडी हाकतो.

बोल्ट बोहरी आळीतून बदलून घेतले. पेटीतले मऊ होते, दुसऱ्यांदा आवळताना डोकी झिजली.

सध्या पाऊस. पंख पलंगाखाली, धड कपाटावर. उरलेले पाचही हॉर्न काल ओढून पाहिले. एकही हलला नाही, पण सहाव्याच्या शेजारचा उद्या पुन्हा पाहणार आहे.