पॉलिश किती, वॅक्स किती: गाडीच्या रंगासाठी कुठला क्रम धरायचा

‘रबिंग-पॉलिश करून घे, गाडी नव्यासारखी होईल.’ हा सल्ला कुणीही सहज देतं, आणि त्या एका जोडशब्दानेच बराच घोळ होतो. कंपाउंड (म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश), रबिंग, पॉलिश ही सगळी रंगाचा वरचा थर घासून काढणारी कामं. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग ही रंगावर काहीतरी चढवणारी. एकात वजाबाकी, दुसऱ्यात बेरीज. त्यात डब्यांवर ‘वॅक्स पॉलिश’ असंही छापलेलं असतं. आत घासणारे कण आहेत की नाहीत, हे मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून कुठला ब्रँड चांगला हे नंतर बघू. आधी ठरवायचं ते एवढंच, की काढायचं किती वेळा आणि चढवायचं किती वेळा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चकाकणाऱ्या क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावर पारदर्शक थर असलेल्या, बहुतेक गाड्यांना एकदा नीट, हलकं मशीन पॉलिश आणि त्यानंतर वर्षातून दोनदा सीलंट एवढं पुरतं. पॉलिश हे दर दिवाळीला घर रंगवावं तसं ठरल्या मुहूर्तावर करायचं काम नाही. ओरखडे डोळ्याला खुपायला लागले तरच करावं.

का, ते थराच्या जाडीत आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडी असते. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. हलक्या पॉलिशने साधारण एखादा मायक्रॉन जातो, फोमच्या कडक पॅडवर कंपाउंड फिरवलं तर दोन-तीन मायक्रॉनही जातात. एकदा-दोनदा केलं तर काही बिघडत नाही. दरवर्षी केलं तर पाच-सात वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर क्लिअर कोट पांढरट होऊन पोपडे धरू लागण्याची भीती राहते. तिथे मग कुठलंही पॉलिश चालत नाही, पुन्हा रंग मारावा लागतो.

हाताने, मशीनने, की दोन्ही कामं करणाऱ्या एकाच बाटलीने

घासायचंच असेल तर तीन वाटा आहेत.

हाताने केलेलं पॉलिश लहान डागाला बरं. दाराच्या हँडलमागे नखांचे चरे असतात, तिथे मशीन शिरत नाही. पण अख्खं बॉनेट हाताने करायला बसलात तर खांदे भरून येतात आणि दाब एकसारखा राहत नाही. अर्धा भाग चकाकतो, अर्धा तसाच राहतो.

रोटरी मशीन एकाच अक्षावर गरगर फिरतं. काम झपाट्याने होतं, पण एका जागी उष्णताही तितक्याच झपाट्याने साठते. पॅनलच्या कडा आणि बॉडीवरच्या उठावदार रेघा यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे नवख्या हाताने मशीन क्षणभर जास्त रेंगाळलं तरी रंग जळून खालचा थर उघडा पडतो. ज्याला सवय नाही त्याने रोटरीच्या वाटेला जाऊ नये.

ड्युअल अॅक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता डुलतोही. जास्त दाब पडला तर त्याचं फिरणं मंदावतं, म्हणजे चूक व्हायच्या आधी ते स्वतःच हात आखडतं. घरी करणाऱ्यासाठी माझ्या मते हाच पर्याय. मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घ्या, दोन वीत लांबी-रुंदीचा एक चौकोन आधी करून बघा. तेवढ्याने ओरखडे गेले तर पुढे अख्ख्या गाडीला तेच. नाही गेले तरच एक पायरी कडक पॉलिश. उलट्या क्रमाने जाणारे लोक जास्त भेटतात, म्हणजे थेट कंपाउंडपासून सुरुवात, आणि मग कंपाउंडने पडलेली बारीक ओरखड्यांची धुकट जाळी काढायला आणखी एक फेरी.

चौथी वाटही आहे, ती म्हणजे ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘ऑल इन वन’. त्यात सौम्य कण, थोडं तेल आणि थोडं वॅक्स किंवा पॉलिमर असतं. एकाच फेरीत गाडी उजळते. पांढऱ्या, चंदेरी, रोज वापरातल्या गाडीला ही सोय छानच आहे. दोष असा, की हे तेल ओरखडे बुजवून लपवतंही. चार-सहा वेळा गाडी धुतली की लपलेले ओरखडे परत डोकं वर काढतात आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. अशा बाटलीने महिन्याला घासण्यापेक्षा एकदाच खरं पॉलिश केलेलं परवडतं.

नखाची चाचणी मात्र विसरू नका. ओरखड्यावर आडवं नख फिरवलं आणि ते अडकलं, तर तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा समजा. तो घालवायच्या हट्टाने आजूबाजूचा चांगला रंग खरवडला जातो.

चढवायचं काय

कार्नौबा वॅक्सबद्दल लोक भक्तिभावाने बोलतात. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका पामच्या पानांवर हे मेण असतं, कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ती व्यवस्था. ते 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं आणि शुद्ध स्वरूपात दगडासारखं कडक असतं, म्हणून डब्यातलं वॅक्स म्हणजे विद्रावक आणि मऊ मेणं मिसळलेला लेप असतो. (गोळ्या-औषधांच्या चकाकीतही हेच मेण वापरतात. तेव्हा ते कधी ना कधी तुमच्या पोटात गेलेलं असण्याची शक्यता आहे.) काळ्या, गडद लाल, गडद निळ्या रंगावर याने ओलसर, खोल लकाकी येते. पांढऱ्यावर फरक ओळखू येणं कठीण. टिकतं महिना-दोन महिने. गाडी उन्हात उभी असेल आणि धुण्यासाठी कडक डिटर्जंट वापरत असाल तर त्याहूनही कमी.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. त्याची चमक थोडी काचेसारखी, कोरडी वाटते. शौकीन लोक त्यावर नाकं मुरडतात, पण चार ते सहा महिने टिकतं आणि लावायला वॅक्सइतकंच सोपं. लावल्यावर काही तास, काहींना दिवसभर, पाणी लागू द्यायचं नाही एवढं पथ्य. सीलंटवर वॅक्स चढवता येतं, उलटं करू नये. मेणाच्या तेलकट थरावर सीलंट धरत नाही.

सिरॅमिक कोटिंगची जाहिरात सर्वांत मोठी, म्हणून त्यावर जरा सविस्तर. सिलिकाचा पाया असलेला हा द्रव सुकून क्लिअर कोटला घट्ट धरतो आणि चांगला लावला, सांभाळला तर एक ते तीन वर्षं टिकतो. धूळ कमी चिकटते, धुणं हलकं होतं, हे खरंच. पण ‘9एच कठीणपणा’ हा आकडा ऐकून हिऱ्याची आठवण काढू नका. तो पेन्सिलच्या शिशांच्या मोजपट्टीवरचा 9एच आहे, हिऱ्याला 10 देणाऱ्या खनिजांच्या मोजपट्टीवरचा नाही. उडालेल्या खडीपासून कोटिंग वाचवत नाही, त्यासाठी जाड पारदर्शक फिल्म लागते. कोरड्या फडक्याने धूळ पुसलीत तर कोटिंगवरही जाळी पडते. कठीण पाण्याचे थेंब उन्हात सुकले तर त्यातल्या क्षारांचे गोल डाग कोटिंगवरही बसतात, कधी कधी वॅक्सपेक्षा हट्टी. आणि लावताना एखाद्या ठिकाणी जास्तीचा थर पुसायचा राहिला, तर तो घट्ट झालेला डाग पॉलिशनेच काढावा लागतो.

शिवाय कोटिंगखाली जे असेल ते तिथेच बंद होतं. ओरखड्यांवर कोटिंग म्हणजे ओरखडे जपून ठेवणं. म्हणून कोटिंगचा खरा खर्च बाटलीत नाही, त्याआधीच्या पॉलिशमध्ये आहे. कुणी ‘दोन तासांत कोटिंग’ सांगत असेल तर त्या दोन तासांत पॉलिश कधी झालं, हे विचारा.

स्प्रे वॅक्स काही आठवडे टिकतं. मुख्य थर म्हणून नको, पण सीलंट लावलेली गाडी धुऊन पुसताना फवारलं तर दोन सीलंटमधलं अंतर लांबतं.

आता समोरासमोर. गाडी झाकलेल्या जागेत उभी राहते, रंग गडद आहे आणि रविवारी दोन तास तिच्याभोवती रमायला तुम्हाला आवडतं, तर कार्नौबा घ्या. यात हिशेब लावू नका, आनंदच घ्यायचा आहे. गाडी रोजची, उघड्यावर उभी, वेळ कमी, तर सीलंट. गाडी नवी आहे, बरीच वर्षं ठेवायची आहे, आधी पॉलिश नीट करून घ्यायची तयारी आहे आणि पुढेही दोन बादल्यांनी (एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळायची) धुण्याची शिस्त पाळणार आहात, तर सिरॅमिक. यातली शेवटची अट पाळणार नसाल तर सीलंटकडे परत या. स्वयंचलित ब्रशखाली धुतलेली सिरॅमिकची गाडी आणि हाताने धुतलेली सीलंटची गाडी वर्षानंतर शेजारी उभ्या केल्या, तर मी पैज दुसरीवर लावीन.

कारण दिव्याखाली किंवा उन्हात दिसणारी ती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं बहुतेक वेळा धुण्या-पुसण्यातूनच येतात. गंमत म्हणजे ती वर्तुळं नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याभोवती ज्यांची दिशा जुळते तेवढेच चमकतात, म्हणून दिवा हलवला की वर्तुळही हलतं. माझ्या पहिल्या गाडीवर मी दर सकाळी कोरडं फडकं मारायचो, अगदी प्रेमाने. दोन वर्षांनी तिचं काळं बॉनेट घासलेल्या स्टीलच्या पातेल्यासारखं दिसत होतं. वॅक्स मी तेव्हाही नियमाने लावत होतो.

पहिल्या दिवशीचा क्रम

धुणं झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर चढवून रंगावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर ब्रेकमधून उडालेले लोखंडी कण किंवा डांबर रंगात रुतलंय. लोखंडासाठीचा फवारा मारला की ते कण जांभळे होऊन ओघळतात. उरलेलं क्ले बारने, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ, चिकट वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढा. क्ले खाली पडला तर फेकून द्या, धुऊन परत वापरू नका. मग गरज असेल तरच पॉलिश. त्यानंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा. पॉलिशमधलं तेल निघतं आणि ओरखडे खरंच गेले की नुसते लपले, हे कळतं. शेवटी सीलंट किंवा वॅक्स. सावलीत, पत्रा हाताला गार लागताना, आणि इतकं पातळ की लावलंय की नाही अशी शंका यावी. जाड थर जास्त टिकत नाही, पुसायला मात्र दुप्पट वेळ खातो. काळ्या खरखरीत प्लास्टिकवर वॅक्स लागलं तर पांढरे डाग पडतात, म्हणून तिथे आधी मास्किंग टेप चिकटवा.

यापुढे पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी, पाण्याने भिजवून उचला. उन्हाने मऊ पडलेल्या क्लिअर कोटमध्ये ती खड्डा पाडते, आणि वॅक्समुळे मिळतो तो थोडा जास्तीचा अवधीच. बॉनेटवर पाण्याचे टपोरे मोती दिसेनासे झाले म्हणजे संरक्षण संपलं असंही धरू नका. धुळीच्या थराने मोती पसरट होतात आणि स्वच्छ धुतल्यावर परत येतात. दोनदा नीट धुऊनही पाणी पसरटच राहिलं, तर सीलंटची वेळ झाली.

हा सगळा क्रम दोन प्रकारच्या गाड्यांना लागू नाही. मॅट रंगाला पॉलिश आणि वॅक्स दोन्ही वर्ज्य, घासलं की तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. आणि अपघातानंतर नुकतंच रंगवलेलं दार. कारखान्यात रंग 140 अंशांच्या आसपास भाजला जातो, तर दुरुस्तीच्या रंगाला साधारण 60 अंशांवर भागवतात, आणि त्यातलं विद्रावक पुढे काही आठवडे उडत राहतं. त्या दारावर महिना-दोन महिने वॅक्स-सीलंट लावू नका. नेमकी मुदत रंगवणाऱ्यालाच विचारा.