‘हलकी बंदूक, कमी धक्का’ : या थापेपायी गेलेले १,८५,००० रुपये

ऐरोली-घणसोलीत राहून शहापूर-मुरबाडकडे शेतघर राखणाऱ्यांना बंदुकीच्या परवान्यासाठी ‘मदत’ करणारे दलाल नवे नाहीत, त्यामुळे त्यांची पद्धत उगाळत बसत नाही. माझे १,८५,००० रुपये ज्या एका वाक्यावर गेले ते मात्र सांगतो, कारण मला फसवणारा दलाल तेच वाक्य आजही कोणाला तरी ऐकवत असणार : “साहेब, हलकी बंदूक घ्या, वहिनींच्या खांद्याला धक्का बसणार नाही.”

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काडतूस तेच असेल, तर बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त. तीन-सव्वातीन किलोची बारा बोअरची दुनळी स्वतःच्या वजनात जो धक्का जिरवते, तो हलकी बंदूक सरळ खांद्यावर आणून टाकते. घरातल्या नाजूक चणीच्या माणसाला झेपावी असे वाटत असेल, तर ३२ ग्रॅम छऱ्यांऐवजी २४ किंवा २८ ग्रॅमचे काडतूस निवडावे, दस्त्याची लांबी त्या व्यक्तीच्या हाताला जुळते का ते पाहावे आणि टोकाला जाड रबरी पॅड आहे याची खात्री करावी. वीस बोअरच्या, म्हणजे बारा बोअरपेक्षा अरुंद नळीच्या बंदुकीचा फायदा होतो तो छऱ्यांचे वजन कमी असल्यामुळे. हे ज्ञान मला नंतर झाले, पण बंदूक चालवून पाहण्याची सोय नसताना नवख्या ग्राहकाने विक्रेत्याच्या शब्दावर नाही, तर कशावर विसंबायचे?

बंदूक दाखवली गेली घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये. (परवानाधारक दुकानाबाहेर कोणी बंदूक दाखवत असेल, तर चहासुद्धा न घेता उठा.) पत्नीने ती हातात घेतली आणि “किती हलकी आहे!” असे ती म्हणाली, तेव्हा त्या माणसाने खिशातून शिंप्याची टेप काढून नळीवर धरली व अभिमानाने सांगितले, “अठराच इंच, घरातल्या घरात सहज फिरते.” तो क्षण मला आजही झोपू देत नाही. आपल्याकडे वीस इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्यांची बंदूक प्रतिबंधित वर्गात मोडते, म्हणजे सामान्य परवान्यावर ती मिळूच शकत नाही. आणि तो पुरावा माझ्यासमोर पिवळ्या टेपवर आकड्यांत मांडलेला होता. पण शस्त्र नियम, २०१६ची अनुसूची पाठ करून बंदूक पाहायला कोण जातो?

‘फाइल हलवण्यासाठी’ २५,००० रोख, पत्नीच्या व माझ्या परवान्यासाठी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासाठी ४८,००० यूपीआयने, बंदुकीचे १,१२,००० एका खासगी खात्यावर. प्रशिक्षणाला न जाता प्रमाणपत्र मिळते, असे सांगणारा माणूस ठकच असतो. ‘एका परवान्यावर सगळे घर बंदूक वापरू शकते’ हेही खोटे. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो. हाती आली ती परवान्याची रंगीत झेरॉक्स, जिच्यावर युनिक ओळख क्रमांकाचा (परवानाधारकाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचा) रकाना कोरा होता. त्यानंतर फोन बंद.

तक्रारीची कथा फसवणुकीपेक्षा संतापजनक आहे. राहतो नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत, पैसे दिले ठाणे शहरात. त्यामुळे पहिल्या पोलीस ठाण्याने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने ‘तुमच्या हद्दीत जा’ म्हणून परत. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला, तरी माहिती नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार बंधनकारक आहे, हे मी ड्युटीवरील अधिकाऱ्याला सांगितले, तर त्यांनी मलाच विचारले, “प्रतिबंधित बंदूक हातात घेतलीतच कशी?” म्हणजे लुटला गेलेला मी आणि आरोपीच्या खुर्चीतही मीच! पत्नीला तर ‘घरात बंदूक कशाला हवी, ताई?’ असा उपदेश मिळाला. रानडुकरांनी आमच्या शेतातल्या भाताचे काय केले, ते ऐकायला कोणालाही वेळ नव्हता. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. खाते गोठवायचे तर तास मोलाचे असतात, आणि आमचे तास दोन ठाण्यांच्या बाकांवर गेले.

अखेर त्याच कलमाच्या पोटकलम ४चा आधार घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. पोच आली आहे, गुन्हा क्रमांक आलेला नाही. त्याआधी ठाण्यात लिहून घेतलेल्या जबाबात रक्कम १,६०,००० दाखवली आहे, कारण २५,०००ची पावती माझ्याकडे नाही. पावती द्यावी लागू नये म्हणून तर त्या दलालाने रोख मागितले होते, एवढी साधी गोष्ट लिहून घेणाऱ्याला समजावताना माझा घसा बसला.