संकटात प्रार्थना करताना विलापस्तोत्र घ्यावे की वचन?

गंभीर आजार, गेलेली नोकरी किंवा घरातल्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगी पवित्र शास्त्र म्हणजे बायबल उघडून प्रार्थना करू पाहणाऱ्याला पुण्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुधा दोन सल्ले मिळतात. कोणी सांगते, एखादे वचन, म्हणजे देवाचे आश्वासन असलेली एखादी ओळ, धरून ठेवा. कोणी सांगते, बायबलमधली स्तोत्रे वाचा. दोन्ही सल्ले आपुलकीचे असले तरी त्यांतून घडणारी प्रार्थना एकसारखी नसते. माझे मत आरंभीच नोंदवतो: दुःख ताजे असताना विलापाचे स्तोत्र, म्हणजे देवापुढे दुःख मांडणारे स्तोत्र, घ्यावे आणि वचनाकडे त्याच्यामागून यावे.

वचनाच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते लहान असते, लगेच पाठ होते, आणि ससूनच्या वॉर्डात रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्याला दिवे मालवल्यावरही ते मनातल्या मनात म्हणता येते. वर्षारंभीच्या उपासनेत मिळालेले वचनाचे कार्ड कित्येक जण वर्षभर पाकिटात जपतात, आणि त्यामागचा विश्वास खरा असतो. अडचण येते ती वचन आपल्या जागेवरून सुटे केले म्हणजे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील 11वे वचन अनेक घरांत भिंतीवर लावलेले दिसते. पण ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षांची मुदत सांगितली आहे. ती मुदत वगळून हे वचन पुढच्या आठवड्यात यायच्या बायॉप्सीच्या रिपोर्टला जोडले आणि रिपोर्ट वाईट आला, तर आपलाच विश्वास कमी पडला असे माणसाला वाटू लागते. हे ओझे शास्त्राने त्याच्यावर घातलेले नसते. 91व्या स्तोत्राचेही तसेच आहे. त्यात संरक्षणाची उदार आश्वासने आहेत, तरीही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या उंच टोकावर नेऊन नेमके तेच स्तोत्र ऐकवतो, आणि देवाची परीक्षा पाहू नये असे सांगून येशू त्याला नकार देतो.

विलापस्तोत्रात असा धोका कमी असतो, कारण ते देवाच्या तोंडचे आश्वासन नसून माणसाने देवापुढे मांडलेले गाऱ्हाणे असते; प्रार्थना म्हणून ते मुळातच तयार असते. एकंदर 150 स्तोत्रांत विलापाचीच संख्या मोठी आहे. 102व्या स्तोत्राच्या शीर्षकातच ही पीडिताची प्रार्थना असल्याचे म्हटले आहे. सुरुवात करणाऱ्याने 13वे स्तोत्र घ्यावे. त्यात अवघी सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘आणखी किती काळ’ या अर्थाचा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोन वचनांत मागणे आहे, आणि शेवटच्या दोहोंत भरवसा व गायन. ज्या दिवशी भरवसा जिभेवर येत नाही, त्या दिवशी चौथ्या वचनापाशी थांबावे. उरलेली दोन वचने उद्याही तिथेच असतात. स्तोत्रातल्या शत्रूच्या जागी आपला आजार, कर्ज किंवा भीती ठेवावी, मात्र शेजाऱ्याचे किंवा भावकीतल्या कोणाचे नाव घालू नये. देहू-आळंदीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला देवाशी भांडणे परके नाही, तरीही चर्चच्या बाकावर बसल्यावर तोच माणूस फक्त आभार मानतो, याचे मला वाईट वाटते. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा 22व्या स्तोत्राचा आरंभ उच्चारला, आणि प्राण सोडताना 31व्या स्तोत्रातले शब्द घेतले. याहून मोठा आधार कोणता हवा?

या मार्गालाही मर्यादा आहे. 88वे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात वळण नाही. ज्याला जगणेच नकोसे झाले आहे त्याने ते मध्यरात्री एकट्याने वाचू नये. पाळकसाहेबांना किंवा घरच्यांना जवळ बसवावे आणि डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

एवढे वाचण्याचेही त्राण नसेल, तर शास्त्रातल्या माणसांच्या छोट्या प्रार्थना उपयोगी पडतात. बायबलमधील ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात यहोशाफाट राजा कबूल करतो की काय करावे ते आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना अर्थातच केव्हाही करावी, परंतु धक्क्यानंतरच्या दिवसांत शब्दच सुचत नाहीत, आणि म्हणूनच उसने शब्द लागतात.

भाषांतर निवडताना, रोजच्या उपासनेत कानावर पडलेले असेल तेच घ्यावे. पंडिता रमाबाईंनी केडगावात राहून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले, ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. त्यामागचा हेतू आजही योग्य वाटतो, पण सध्याच्या वाचकाला सोप्या मराठीतली नवी आवृत्ती अधिक जवळची वाटेल.

वचन आधीपासून पाठ असेल तर ते टाकून देण्याचे कारण नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ 13वे स्तोत्र म्हणावे, नंतर ते वचन ज्या अध्यायात आहे तो पूर्ण वाचावा, आणि ते कोणाला व कोणत्या प्रसंगी दिले गेले हे कळल्यावरच आपल्या प्रार्थनेत घ्यावे. वॉर्डात इतर रुग्ण झोपलेले असतील तर आवाज काढण्याचीही गरज नाही. बायबलमध्ये शिलोच्या मंदिरात मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे फक्त ओठ हलत होते, तिथल्या एली याजकाला ती प्यायलेली वाटली, तरी तिची प्रार्थना ऐकली गेली.