ट्रायॉप्सच्या अंड्यांच्या नावाखाली ११,१७९ रुपयांचा गंडा

ट्रायॉप्स म्हणजे पाठीवर ढालीसारखे कवच असलेला इवलासा जलचर; त्याच्या अंड्यांच्या किटचे २,४९९, डीलरशिपसाठी 'परत मिळणारे' डिपॉझिट ७,५०० आणि कसल्याशा प्रमाणपत्राचे १,१८०, असे एकूण ११,१७९ रुपये माझे गेले. अंडी आम्हीच परत विकत घेऊ, ही विक्रेत्याची थाप ईमू आणि कडकनाथ पालनाच्या घोटाळ्यांच्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने ऐकली आहे, तेव्हा ती उगाळत नाही.

पावसाळी डबक्यात वाढणाऱ्या ट्रायॉप्सची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षे तग धरतात आणि पाणी मिळाले की एक-दोन दिवसांत फुटतात, हे शंभर टक्के खरे आहे; विक्रेत्याने याच सत्याचा फायदा घेतला. किटमध्ये 'मिनरल मिक्स'ची ३० ग्रॅमची पुडी होती आणि ती अख्खी एक लिटर पाण्यात टाकायची होती. मी बोटाला लावून चाखली, तर चक्क मीठ! गोड्या पाण्यातल्या जीवाला जवळजवळ समुद्राइतके खारट पाणी कशाला हवे, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा होता, आणि आजही ती पुडी आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते. पण मासे पाळणारे आजारी माशांच्या टाकीत मीठ टाकतातच, मग मला संशय का यावा? शिवाय दुसऱ्याच दिवशी नारिंगी ठिपके झटके देत बल्बच्या उजेडाकडे गर्दी करू लागले. डोळ्यांदेखत अंडी फुटल्यावर डिपॉझिट कोण भरणार नाही?

आठवडा उलटला तरी पाठीवरची ढाल दिसेना, तेव्हा "भाऊ, ढाल उशिरा येते," असे सांगण्यात आले. जीव मेले, तर दोष नागपूरच्या उन्हाचा, आणि तोही डिसेंबरात, मी स्वेटर घालून बसलो असताना! सीताबर्डीतल्या एका मासेवाल्याने बरणी पाहताच सांगितले, की हा खाऱ्या पाण्यातला आर्टेमिया आहे, माशांच्या पिल्लांचे खाद्य. ट्रायॉप्सच्या अंड्यांसोबत कोणी मीठ देत असेल, तर पार्सल उघडूच नका.

पोलीस ठाण्यात "कोंबडीची अंडी का, काकाजी?" असे विचारून दोघे जण हसले, नंतर रक्कम किरकोळ आहे म्हणून मला सायबर विभागाकडे पिटाळले, तिथून हद्दीचे कारण सांगून पुन्हा त्याच ठाण्यात पाठवले, आणि माझा अर्ज घेतला तरी त्याची पोच मात्र कोणी दिली नाही. बँकेचे म्हणणे असे, की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. पिन मीच टाकणार, दुसरा कोण टाकणार? विक्रेत्याच्या खात्यातून पैसे पुढे सरकेपर्यंत हे लोक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. माझे चॅट विक्रेत्याने डिलीट केले.

किटच्या जाहिरातीतला तोच फोटो आता दुसऱ्या नावाखाली फिरतो आहे आणि किटची किंमत २,७९९ झाली आहे.