एक्झिफटूल: पावसाळाभर आणि नंतरही वापरल्यावर

आमच्या अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया) भागात मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची नोंद ठेवायचं काम चालतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आज १०० हेक्टरच्या आतली सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. पाळ (तलावाचा बांध) कुठे खचली, तुडुम (पाणी सोडायचं दार) कुठे गळतं, सलांग (जादा पाणी जायची वाट) कुठून फुटली, बेशरमची झुडपं पाण्यात किती आत शिरली, हे गावोगावची पोरं मोबाइलवर टिपतात. फोटोंना तोटा नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव करायला बसलं की मात्र तक्ता लागतो: फोटो कुठला, कधीचा, अक्षांश-रेखांश काय.

फोटोवरच तारीख नि ठिकाण छापणारी ॲप्स सगळ्यांकडे आहेत. पण ते छापलेले अंक चित्राचाच भाग होतात. तक्त्यात न्यायचे तर बघून बघून टाइप करा. फोटोच्या फाइलमध्ये जी माहिती कॅमेरा स्वतः लिहून ठेवतो, ती सरळ बाहेर काढायची तर एक्झिफटूल या संगणकावरच्या प्रोग्रामला माझ्या मते जोड नाही. फिल हार्वे यांनी ते २००३ पासून चालवलंय, पर्ल भाषेत लिहिलंय, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आणि इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा इंटरनेटवरच्या 'क्लाउड' सेवांपेक्षा हे बरं.

विंडोजवर इन्स्टॉल असं काही करावं लागत नाही. झिप उघडायची, फाइलच्या नावातला कंसातला 'डॅश के' काढून टाकायचा आणि सोबतचं 'एक्झिफटूल फाइल्स' हे फोल्डर तिच्या शेजारीच ठेवायचं. फक्त प्रोग्राम उचलून दुसरीकडे नेला तर तो चालत नाही.

कमांड मी पोरांना फोनवर सांगतो तशीच इथे सांगतो. एक्झिफटूल, डॅश सीएसव्ही, डॅश आर (आतली फोल्डरंही धुंडाळायला), मग प्रत्येकापुढे डॅश लावून हवे ते रकाने: डेटटाइमओरिजिनल, जीपीएसलॅटिट्यूड, जीपीएसलाँगिट्यूड, मॉडेल. शेवटी फोल्डरचं नाव, 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि तलाव डॉट सीएसव्ही (सीएसव्ही म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी, स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची साधी फाइल). पहिला रकाना 'सोर्सफाइल' तो आपोआप घालतो. रकान्यांची नावं न देता सोडलं तर शेकडो रकाने येतात, लेन्सपासून रंगांच्या तक्त्यापर्यंत, आणि कामाचं त्यात शोधत बसा.

एवढं सांगून झालं की अर्ध्या तासात फोन येतोच. "भाऊ, आकडे तर आले, पण मधात हे 'डेग डेग' काहून लिवून रायलं?" 'डेग' म्हणजे डिग्री, अंश. एक्झिफटूल अक्षांश माणसाला वाचायला सोपा म्हणून अंश-मिनिट-सेकंदात देतं. एक्सेलला नि नकाशाला तो तसा चालत नाही, दशांशात पाहिजे. त्यासाठी डॅश एन आहे. पण त्याने सगळेच रकाने आकड्यांत जातात. फोटो आडवा की उभा तेही '६' असं येतं. म्हणून मी डॅश एन न वापरता फक्त त्या दोन रकान्यांच्या नावाला शेवटी हॅश लावतो. तेवढेच दशांशात येतात, बाकीचे वाचनीय राहतात. आपल्या भागात अक्षांश २१ च्या आसपास, रेखांश ८० च्या. त्यामुळे रकाने उलटसुलट झाले तर नजर टाकताच कळतं.

तारखेचा घोळ याहून छळणारा. कॅमेरा तारीख लिहितो ती '२०२४:०७:१५' अशी, मध्ये विसर्गासारखी टिंबं. एक्सेल तिला तारीख मानतच नाही, साधा मजकूर समजतं, मग तारखेनुसार गाळणी लागत नाही. डॅश डी देऊन पुढे अवतरणात 'टक्का मोठा वाय, डॅश, टक्का छोटा एम, डॅश, टक्का छोटा डी' असा साचा दिला की काम होतं. मात्र हीच कमांड विंडोजच्या बॅच फाइलमध्ये (कमांड साठवून पुन्हा पुन्हा चालवायच्या फाइलमध्ये) ठेवायची तर प्रत्येक टक्का दोनदा लिहावा लागतो. हे कुठेतरी ठळक लिहून ठेवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मराठी नावांचं म्हणाल तर लिनक्सवर काहीच अडचण नाही. विंडोजवर फाइलींची नावं देवनागरीत असली की 'डॅश कॅरसेट' देऊन 'फाइलनेम इज इक्वल टू यूटीएफ ८' (यूटीएफ ८ ही अक्षरं साठवायची एक पद्धत) सांगावं लागतं, आणि वरच्या फोल्डरचं नाव रोमनमध्येच ठेवलेलं बरं. पुढे सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा चिवडा होतो. डेटा टॅबमधून आयात करून यूटीएफ ८ निवडा, किंवा लिब्रेऑफिस वापरा. ते उघडतानाच अक्षरांची पद्धत विचारतं. विंडोजवर कमांड द्यायच्या दोन खिडक्या आहेत, पॉवरशेल नि सीएमडी. जुन्या पॉवरशेलमधून 'पेक्षा मोठं' करून काढलेली फाइल यूटीएफ १६ या वेगळ्या पद्धतीत जाते, म्हणून मी साधं सीएमडीच वापरतो.

सीएसव्हीचा पर्याय सगळे फोटो वाचून होईपर्यंत काहीच लिहीत नाही, कारण रकाने किती होणार ते त्याला आधी माहीत नसतं. मोठं फोल्डर आणि जुना डेस्कटॉप असला की पडदा गप्प, आणि तेवढ्यात लाइन गेली की सगळं पुन्हा. अशा वेळी डॅश मोठा टी चांगला: एकेक ओळ टॅबने तोडून लगेच टाकत जातो, नसलेल्या माहितीच्या जागी डॅश ठेवतो. मथळ्याची ओळ देत नाही, ती हाताने घालायची.

आता खरी डोकेदुखी, आणि तिच्यात एक्झिफटूलचा काही दोष नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो ठिकाण नि मूळ तारीख दोन्ही गमावून येतो. तक्त्यात ती ओळ रिकामी. उरते ती फाइलची तारीख, म्हणजे फोटो आपल्याकडे आला तो दिवस. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावा; आम्ही गावांना एवढा एकच नियम घालून दिलाय. कोणाचे फोटो रिकामे आले ते काढायला डॅश इफ आहे: अवतरणात 'नॉट' आणि डॉलर लावून जीपीएसलॅटिट्यूड. विंडोजवर दुहेरी अवतरण, लिनक्सवर एकेरी.

ठिकाण आलं तरी डोळे झाकून घेऊ नका. दशांशानंतर सहा आकडे दिसतात म्हणून फोन तेवढा अचूक असतो असं नाही. खिशातून काढल्या काढल्या टिपलेल्या फोटोत फोन कधी कधी आधीचंच ठिकाण चिकटवतो. आमच्या एका तुडुमाचं ठिकाण नकाशावर थेट चौकातल्या चहाटपरीवर पडलं होतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये सीएसव्ही टाकली की असे ठिपके लगेच उघडे पडतात. घड्याळ तपासायलाही सोय आहे: उपग्रहाची वेळ जागतिक असते, आपली तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. फरक तेवढा नसला की समजायचं, फोनचं घड्याळ हललंय.

एक्झिव्ह२ नि जेहेड हे असलेच दुसरे प्रोग्रामही वापरून पाहिले. वेगाने चालतात, पण सरळ तक्ता काढून देण्यात एक्झिफटूलच पुढे.

कार्यालयात मात्र हा तक्ता पुरावा म्हणून पुढे करू नका. याच साधनाने तारीख नि ठिकाण बदलूनही लिहिता येतं (मूळ फाइल 'ओरिजिनल' जोडून शेजारी ठेवतं, पण ती पुसायला किती वेळ लागतो?), आणि समोरचा तेच विचारतो. म्हणून आता पोरं प्रत्येक तुडुमाचे दोन फोटो काढतात: छापील अंकांचा प्रस्तावाला जोडायला, आणि साधा, आमच्या तक्त्यासाठी.