राधानगरी रोडची नर्सरी: रामबुतान घ्यायचं तर कलमाचंच
कोल्हापुरात रामबुतानचं खात्रीचं कलम पाहिजे असेल तर राधानगरी रोडच्या या नर्सरीत जावा. काका आधी जागा, ऊन, पाणी सगळं विचारतात मगच रोप देतात, लई आवडलं. बियांपासून केलेलं रोप घेऊ नका, त्यातली बरीच झाडं नर निघतात आणि फळच धरत नाहीत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. झाड मलेशिया-इंडोनेशियाकडचं, लिचीच्या भावकीतलं, दमट हवा लागते, त्यामुळं गगनबावडा साईडला जमेल पण शिरोळकडं उन्हाळ्यात सावली आणि पाणी बघावंच लागणार. मँगोस्टीनपण आहे, आपल्या कोकमाच्याच वंशातलं, पण फळाला ७-८ वर्षं तरी थांबायची तयारी ठेवा. रेट जरा जास्त, पार्किंग नाही. रोपं मात्र एकदम तजेलदार, मुळं पिशवीत गुंडाळलेली नाहीत.